खुल्या बॅफलसाठी चाकोरीबाहेरचे साहित्य कसे निवडावे

लाउडस्पीकरचा सुटा ड्रायव्हर, म्हणजे शंकू, चुंबक आणि धातूची चौकट एवढाच भाग, हातात धरून वाजवला तर आवाज चिरका आणि पोकळ येतो. खर्ज जवळजवळ नसतोच. त्याच ड्रायव्हरच्या मापाचे भोक पाडलेला जाड पुठ्ठा त्याच्यापुढे घट्ट धरला की आवाज एकदम भरतो, आणि पुठ्ठा बाजूला केला की पुन्हा रोडावतो. ज्याला स्वतःचा स्पीकर बनवायचा आहे त्याने साहित्याचा विचार सुरू करण्याआधी हा प्रयोग एकदा स्वतःच्या हातांनी करावा, कारण बॅफल नेमके काय करतो हे त्यातून जितके पटकन कळते तितके कुठल्याही आकृतीतून कळत नाही.

शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खर्जाच्या लहरी लांब असतात. त्या चौकटीला सहज वळसा घालून मागून पुढे येतात आणि पुढच्या लहरींना खोडून टाकतात. ही गाठ पडू न देण्यासाठी किंवा निदान लांबणीवर टाकण्यासाठी मध्ये जो आडोसा उभा करायचा, तो बॅफल. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या धाटणीचा शंकूचा लाउडस्पीकर मांडला तेव्हाही हा आडोसा त्यांच्या मांडणीचाच एक भाग होता.

या लेखात फक्त सपाट, मागून उघड्या बॅफलचा विचार केला आहे. बंद पेटीत आतल्या हवेचा दाब भिंतींवर सतत आदळत असतो आणि पेटी हवाबंद असावी लागते; उघड्या बॅफलला या दोन्ही अडचणी नाहीत. म्हणूनच पेटीसाठी कोणी मनातही आणणार नाही अशा वस्तू येथे चालून जातात, आणि नवख्या माणसाला प्रयोग करायला यासारखी मोकळी जागा नाही.

पहिली पायरी: आधी आकार, मग साहित्य

नवखा माणूस बहुधा उलट क्रमाने जातो. त्याला कुठेतरी एक सुंदर दगडी फरशी किंवा जुने दार मिळते आणि मग त्यात बसेल तो ड्रायव्हर तो शोधू लागतो. प्रत्यक्षात बॅफलच्या आवाजावर सर्वांत मोठा परिणाम त्याच्या लांबी-रुंदीचा आणि भोकाच्या जागेचा होतो. साहित्याचा क्रमांक त्यानंतर लागतो.

हिशेब सोपा आहे. ड्रायव्हरच्या मध्यापासून बॅफलच्या जवळच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. मागची लहर पुढच्या लहरीपेक्षा साधारण तेवढेच जास्त अंतर कापून समोर येते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला आणि त्याला या अंतराच्या सहापटीने भागले, की जी वारंवारता मिळते तिच्याखाली खर्ज उतरू लागतो. प्रत्येक सप्तक खाली गेले की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. समजा फळी ६० सेंटीमीटर रुंद आहे आणि ड्रायव्हर बरोबर मध्ये आहे. अंतर ३० सेंटीमीटर, म्हणून ही मर्यादा १९० हर्ट्झच्या आसपास येते. त्याच फळीवर ५७० हर्ट्झच्या जवळ दोन्ही लहरी एकमेकींना साथ देऊन आवाज फुगवतात आणि ११४० हर्ट्झच्या जवळ पुन्हा खोडतात.

हा फुगवटा आणि खड्डा गोल किंवा चौरस फळीच्या मध्यावर ड्रायव्हर बसवला की सर्वांत तीव्र होतो, कारण तेव्हा बहुतेक कडा सारख्याच अंतरावर येतात. भोक मध्यापासून सरकवले, म्हणजे एका बाजूला तीन भाग आणि दुसऱ्या बाजूला पाच भाग अशा बेताने ठेवले, तर खड्डे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरतात आणि कानाला कमी खुपतात. ड्रायव्हरची मोजणी करण्यासाठी जो आंतरराष्ट्रीय प्रमाणित बॅफल ठरलेला आहे, तो १३५ बाय १६५ सेंटीमीटरचा असतो आणि त्यातही ड्रायव्हर मध्यापासून हटवूनच बसवतात. घरात एवढी मोठी फळी कोणी ठेवत नाही, पण ड्रायव्हरसोबत आलेला वारंवारतेचा आलेख अशा फळीवर घेतलेला असू शकतो आणि आपल्या अरुंद फळीवर तसा खर्ज मिळणार नाही, एवढे लक्षात ठेवावे. ड्रायव्हर निवडताना त्याच्या माहितीपत्रकातील क्यूटीएस (Qts) हा, शंकूचा स्वतःचा कंप कितपत आवरला जातो ते सांगणारा, आकडा ०.७ च्या आसपास किंवा वर असेल तर खुल्या बॅफलवर खर्जाची उणीव पुष्कळशी भरून निघते.

म्हणून खरे साहित्य विकत घेण्यापूर्वी मोठ्या खोक्याचा पुठ्ठा कापून पूर्ण मापाचा नमुना करावा, मागून दोन काठ्या बांधून तो उभा करावा आणि आठवडाभर ऐकावा. मापे चुकली असतील तर पुठ्ठा टाकून देता येतो; ग्रॅनाइट टाकून देता येत नाही.

दुसरी पायरी: साहित्याला तीन प्रश्न विचारावेत

माप ठरले की समोर येणाऱ्या कोणत्याही वस्तूला, मग ती कपाटाचे दार असो, काच असो की भाजी चिरण्याची प्लास्टिकची पाटी, तीन प्रश्न विचारावेत: ती आवाज अडवते का, ती स्वतः वाजते का, आणि तिला भोक व स्क्रू सोसतात का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वजनात आहे, आणि तेही एकूण वजनात नसून दर चौरस मीटरमागच्या वजनात आहे. भिंतींच्या ध्वनिरोधासाठी जो वस्तुमानाचा नियम वापरतात त्याचा ठोकताळा येथेही उपयोगी पडतो. चौरस मीटरला १ किलो वजनाचा पातळ पुठ्ठा १०० हर्ट्झचा आवाज जेमतेम २ डेसिबलने अडवतो, म्हणजे खर्जाच्या दृष्टीने तो जवळजवळ पारदर्शक आहे. १० किलोचा पत्रा किंवा फळी तोच आवाज सुमारे १८ डेसिबलने अडवते. तोच हलका पुठ्ठा १००० हर्ट्झला मात्र १८ डेसिबल अडवतो. याचा अर्थ असा की खर्जाच्या ड्रायव्हरला वजनदार फळी हवी, आणि फक्त मधल्या व वरच्या पट्टीसाठी असलेल्या छोट्या ड्रायव्हरला बऱ्याच हलक्या वस्तूही चालतात. तुलनेसाठी १८ मिलिमीटर एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) चौरस मीटरला साधारण १३ ते १४ किलो भरते, १० मिलिमीटर काच २५ किलो, २० मिलिमीटर स्लेट ५५ किलोच्या आसपास, आणि ५० मिलिमीटर जाडीचा फोम फक्त दीड किलो.

दुसरा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि गैरसमजही तिथेच अधिक आहेत. कठीण वस्तू म्हणजे चांगली वस्तू, असे पुष्कळांना वाटते. परंतु घंटाही कठीणच असते. ड्रायव्हरचा शंकू पुढे ढकलला जातो तेव्हा चौकट तितक्याच जोराने मागे ढकलली जाते. एक उदाहरण घेऊ. पंधरा इंची ड्रायव्हरच्या हलणाऱ्या भागाचे वजन ८० ग्रॅम आहे आणि तो २ मिलिमीटर पुढे जातो. ड्रायव्हर आणि फळी मिळून १२ किलो आहेत. मग फळी फक्त एका मिलिमीटरचा पाऊणशेवा भाग मागे सरकते. हे नगण्य वाटते, पण फळीचे क्षेत्रफळ शंकूच्या चार-पाच पट असल्याने ती ढकलत असलेली हवा शंकूच्या तीन टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे सुमारे ३० डेसिबल खाली. एवढे चालते. पण ज्या वारंवारतेला फळीचा अनुनाद असतो, म्हणजे ज्या सुराला ती आपणहून थरथरू लागते, तिथे हीच हालचाल दहा-वीस पटींनी वाढते आणि गाण्यातल्या ठरावीक स्वरांना चिकटून एक गुंजन ऐकू येऊ लागते.

हा अनुनाद कुठे येतो हे जाडीवर, अंतरावर आणि पदार्थाच्या ताठपणाला घनतेने भागून येणाऱ्या गुणोत्तरावर ठरते. जाडी दुप्पट केली की अनुनाद दुप्पट वर जातो. आधाराविना असलेले अंतर निम्मे केले की चौपट वर जातो. गंमत अशी की पोलाद, ॲल्युमिनियम आणि काच यांचे हे गुणोत्तर जवळजवळ सारखे आहे, त्यामुळे एकाच मापाचे आणि जाडीचे तीन तुकडे साधारण एकाच सुरात वाजतात. एमडीएफ त्यांच्यापुढे मऊ आहे, पण १८ मिलिमीटर एमडीएफच्या वजनात पोलादाचा पत्रा फक्त १.७ मिलिमीटर जाडीचा येतो आणि मग त्याचा अनुनाद एमडीएफच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर घसरतो. वजन सारखे असेल तर जाड आणि हलका पदार्थ पातळ आणि जड पदार्थाला ताठपणात बहुतेक वेळा मागे टाकतो, एवढी एक गोष्ट पक्की केली की निम्मे निर्णय आपोआप होतात.

उरलेला निम्मा भाग कंप किती लवकर विरतो याचा आहे. काच आणि धातू यांत दर कंपनाला हरवणारी ऊर्जा फारच थोडी असते. लाकूड, प्लायवुड आणि एमडीएफमध्ये ती त्यांच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक असते. ॲक्रिलिकमध्ये लाकडाइतकी किंवा थोडी जास्तच. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही, कारण बोटाने टकटक करून ते कळतात. फक्त टकटक नीट करायला हवी. वस्तू टेबलावर ठेवून ठोकली तर टेबलच तिचा कंप शोषून घेते आणि काचसुद्धा शहाणी वाटते. त्याऐवजी साधारण ६० सेंटीमीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद पट्टी घ्यावी, दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२ टक्क्यांवर, म्हणजे येथे १३ सेंटीमीटरवर, दोरीचे दोन फास घालून ती आडवी टांगावी आणि मध्यभागी बोटाच्या पेराने ठोकावे. त्या दोन ठिकाणी पट्टीचा पहिला कंप शून्य असतो, म्हणून दोरी त्याला दाबत नाही. ‘ठण्ण’ असा आवाज लांबत गेला तर ती वस्तू एकट्याने वापरण्याची नाही. ‘टक्’ होऊन संपला तर पुढे जावे. मी अशा पट्ट्यांवर वस्तूंची नावे लिहून त्या एका दोरीला ओळीने टांगून ठेवल्या आहेत. त्यांत सर्वांत मुकी निघाली ती दोन पातळ प्लायवुडच्या मध्ये लवचिक सीलंट भरलेली पट्टी, आणि सर्वांत बोलकी निघाली ती ज्या ग्रॅनाइटवर माझा सर्वांत जास्त भरवसा होता त्याची.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल प्रत्येक साहित्याच्या वेळी सांगणे बरे.

तिसरी पायरी: साहित्य पाहणे

वाळूची फळी. चाकोरीबाहेरच्या साहित्यात नवख्याने पहिल्यांदा हात घालावा तो वाळूला, असे माझे मत आहे. वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि कंपाची ऊर्जा उष्णतेत जिरते. व्हार्फडेल कंपनीचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५० च्या दशकात दोन प्लायवुडच्या मध्ये वाळू भरलेल्या फळ्यांचे बॅफल विकले होते, आणि ती युक्ती आजही तितकीच चोख आहे.

६ मिलिमीटर प्लायवुडचे दोन सारखे तुकडे घ्यावेत, कडेने २० मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या चिकटवाव्यात आणि भोकाभोवती तशाच जाडीचे पूर्ण लाकडी कडे बसवावे. आतील मोकळ्या जागेत हातभर अंतराने छोटे लाकडी ठोकळे दोन्ही बाजूंना चिकटवावेत, नाही तर वाळूच्या भाराने प्लायवुड पोटासारखे फुगते. वरच्या कडेला बुचाने बंद होणारे भोक ठेवून त्यातून कोरडी वाळू थोडी थोडी ओतावी आणि प्रत्येक वेळी फळी थोपटावी. वाळू चाळून, दोन-तीन दिवस उन्हात पसरून कडक कोरडी केलेली असावी. समुद्राची वाळू घेऊ नये, तिच्यातले मीठ ओल धरते आणि खिळे-स्क्रू गंजवते. काही आठवड्यांनी वाळू खाली बसते आणि वर रिकामी पट्टी राहते, तेव्हा बूच काढून पुन्हा भर घालावी. ६० बाय १०० सेंटीमीटरची अशी फळी २४ किलोच्या आसपास जाते.

माझ्या पहिल्या वाळूच्या फळीत भोकाच्या कड्याला एका जागी गोंद लागायचा राहिला होता. दोन दिवस आवाज उत्तम होता. तिसऱ्या दिवशी खर्जाबरोबर बारीक ‘खर्र’ ऐकू येऊ लागली. ड्रायव्हर काढून पाहिला तेव्हा कड्याच्या फटीतून दाणा दाणा निसटलेली वाळू चौकटीत साठली होती आणि काही कण चुंबकाच्या फटीत, शंकू हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीशेजारी, जाऊन बसले होते. तो ड्रायव्हर परत नीट झाला नाही. तेव्हापासून वाळू भरण्याआधी मी फळी अंधारात उभी करून आतून विजेरीचा उजेड सोडतो. जिथे उजेड दिसतो तिथे गोंद लावतो.

जुने दार. भरीव लाकडाचे जुने दार म्हणजे आयता बॅफल, कारण लाकूड पुरते सुकलेले असते आणि त्याला जे वाकायचे ते वाकून झालेले असते. मात्र चौकटी आणि पॅनेल अशी रचना असेल तर पातळ पॅनेल खोबणीत सैल बसलेले असते आणि ते खडखडते. खोबण्या गोंदाने भराव्यात आणि ड्रायव्हर जाड भागाजवळ आणावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये; शंका असल्यास वरून नवा रंग देऊन झाकून टाकणे हाच सुरक्षित मार्ग. पोकळ फ्लश डोअर वेगळे. त्याच्या आत बहुधा कागदाची पोळ्यासारखी जाळी असते. ते हलके आणि ताठ असते, पण ठोकले की ढोलकीसारखे बोलते. त्याच्या वरच्या कडेतून वाळू ओतण्याचा मोह होतो, पण पोळ्याचे खण एका पत्र्यापासून दुसऱ्या पत्र्यापर्यंत आडवे असल्याने वाळू आत उतरतच नाही. एक बाजू सोलून जाळी काढावी लागते, आणि तेवढे कष्ट करायचे तर वर सांगितलेली फळीच बनवावी.

दोन थरांची फळी. वाळूइतके वजन नको असेल तर ९ मिलिमीटर प्लायवुडचे दोन तुकडे, सुकल्यावरही लवचिक राहणाऱ्या पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉन सीलंटने पूर्ण पृष्ठभागावर चिकटवावेत. फळी वाकू लागली की मधला थर ताणला जातो आणि कंप तिथेच जिरतो. लाकडाचा साधा गोंद वापरला तर हा गुण जातो, कारण मग दोन तुकड्यांची एकच ताठ फळी होते. पातळ लाकूड आणि त्यावर कंप शोषणारा थर हा विचार नवा नाही. बीबीसीने १९७० च्या दशकात घडवलेल्या एलएस ३/५ए या छोट्या मॉनिटरच्या, म्हणजे आवाज पारखण्यासाठीच्या स्पीकरच्या, भिंती १२ मिलिमीटर बर्च प्लायवुडच्या होत्या आणि आतून त्यांना डांबरी पट्ट्या लावलेल्या होत्या. पेटीची जाडी वाढवत नेण्यापेक्षा कंप मारणे श्रेयस्कर, हा त्यामागचा विचार उघड्या फळीलाही लागू पडतो.

दगड. स्लेट, म्हणजे पाटीचा दगड, थरांचा बनलेला असतो आणि ग्रॅनाइटपेक्षा लवकर गप्प होतो. मोडीत निघालेल्या बिलियर्ड्सच्या टेबलाखाली स्लेटच्या सपाट लाद्या असतात. त्या हाती लागल्या तर सोडू नयेत. पण दगड घरी कोरडा कापू नये. त्याच्या धुळीतील सिलिका फुप्फुसात कायमची बसते; भोक दगड कापणाऱ्या कारागिराकडून पाण्याखाली कापून घ्यावे, आणि माप देताना कागदावर आकडे न लिहिता भोकाच्या मापाची लाकडी चकतीच द्यावी. दगडात स्क्रू धरत नाही, म्हणून ड्रायव्हर १८ मिलिमीटर प्लायवुडच्या कड्यावर बसवावा आणि ते कडे मागच्या बाजूने लवचिक सीलंटने व आरपार बोल्टने दगडाला जोडावे. हे मधले कडे दगडाप्रमाणेच काच, ॲक्रिलिक, प्लास्टिक या सगळ्यांच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे: स्क्रू नेहमी लाकडाला धरू द्यावेत आणि परक्या पदार्थावर फक्त मोठ्या भोकांतून बोल्ट जाऊ द्यावेत. ६० बाय ९० सेंटीमीटरची २० मिलिमीटर ग्रॅनाइटची लादी सुमारे २९ किलोची असते आणि ती उभी ठेवायची आहे, हेही विसरू नये.

काच. काच वापरायचीच असेल तर लॅमिनेटेड घ्यावी. तिच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, त्यामुळे ती साध्या काचेपेक्षा कमी वाजते आणि फुटली तरी तुकडे धरून ठेवते. टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या, काचेला नंतर भोक पाडता येत नाही. पाडू गेल्यास ती पूर्ण चुरा होते. सर्व भोके आधी पाडून मग ती भट्टीत पाठवावी लागते.

ॲक्रिलिक आणि इतर प्लास्टिक. १२ मिलिमीटर ॲक्रिलिक चौरस मीटरला १४ किलो भरते, म्हणजे एमडीएफच्या पंक्तीत बसते, आणि कंपही बऱ्यापैकी जिरवते. त्याचे दुखणे स्क्रूच्या भोकांपाशी असते: घट्ट आवळले की भोकापासून केसासारखी चीर निघते, आणि अल्कोहोलने पुसले की तीच चीर पसरते. भोके स्क्रूपेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठी ठेवावीत, खाली रबरी वॉशर घालावा आणि साबणाच्या पाण्यानेच पुसावे. भाजी चिरण्याच्या पांढऱ्या जाड पाट्या बहुधा पॉलिथिलीनच्या असतात. त्या लाकडाच्या हत्यारांनी छान कापल्या जातात आणि ठोकल्यावर अगदी मुक्या असतात. परंतु त्यांना कोणताही साधा गोंद धरत नाही, आणि जड चुंबक लटकवला तर त्या काही महिन्यांत हळूहळू वाकतात. चार-पाच इंची ड्रायव्हरसाठी त्या उत्तम.

स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरतात ते ‘कोरियन’ (Corian) या व्यापारी नावाच्या पदार्थासारखे घट्ट ॲक्रिलिक-खनिज मिश्रण मला या सगळ्यांत विशेष आवडते. सिंकसाठी कापलेला मधला तुकडा बहुतेक वेळा टाकूनच दिला जातो. १२ मिलिमीटर जाडीला तो चौरस मीटरमागे २० किलोच्या आसपास असतो, राउटर या सुतारी यंत्राने लाकडासारखा कापला जातो आणि कडा घासून चकचकीत करता येतात.

धातूचा पत्रा एकट्याने घेऊ नये. घ्यायचाच तर मागे डांबरी चटई किंवा प्लायवुड चिकटवून घ्यावा. आणि पोलाद असेल तर ड्रायव्हर बसवताना चुंबक हातातून हिसका देऊन पत्र्याला चिकटतो, तेव्हा बोटे सांभाळावीत.

काही वस्तू मात्र कितीही आकर्षक वाटल्या तरी हात लावण्याच्या नाहीत: जुने ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे, रसायन भरलेले हिरवट जुने खांब व पट्ट्या, आणि कशाचे आहेत हे न कळणारे कारखान्यातील तुकडे.

चौथी पायरी: पुठ्ठा आणि फोम यांच्यासाठी चुंबकाला आधार

आतापर्यंतचा सारा खटाटोप चौकटीचा धक्का फळीला सोसावा लागतो म्हणून आहे. तो धक्का फळीपर्यंत पोहोचूच दिला नाही तर? ड्रायव्हरचे वजन मागून चुंबकावर घ्यावे, म्हणजे जड लाकडी खांबाला एक आडवा कंस करून त्यात चुंबक पट्ट्याने आवळावा, आणि चौकट व फळी यांच्यामध्ये नमदा किंवा मऊ फोमची कडी ठेवून फळी फक्त टेकू द्यावी. आता फळीला वजन उचलायचे नाही, धक्का सोसायचा नाही. तिने फक्त हवा अडवायची.

असे केले की पन्हाळीदार पुठ्ठ्याचे दहा थर एकमेकांवर, प्रत्येक थराच्या पन्हाळ्या आधीच्या थराला काटकोनात ठेवून, पांढऱ्या गोंदाने चिकटवलेली ४० मिलिमीटर जाडीची फळी खरोखर चांगली वाजते. ती चौरस मीटरला ६ ते ८ किलो भरते, ताठ असते, आणि तिच्यात गोंद, कागद व हवा यांचे इतके थर असतात की कंपाला तग धरायला जागाच नसते. कडा कागदी टेपने बंद कराव्यात, नाही तर ओल शिरते. सुकेपर्यंत फळीवर पुस्तकांचे वजन ठेवावे, नाही तर ती वाकते. निव्वळ फोमची फळी मात्र फक्त मधल्या आणि वरच्या पट्टीच्या ड्रायव्हरसाठी ठेवावी. वस्तुमानाचा नियम तिला सोडत नाही.

पाचवी पायरी: भोक पाडणे

भोकाचे माप माहितीपत्रकावरून घेऊ नये. ड्रायव्हर प्रत्यक्ष मोजावा आणि दोन मिलिमीटर जास्त धरावे. फळी जाड असेल तर भोक म्हणजे एक आखूड बोगदा होतो आणि छोट्या ड्रायव्हरची मागची हवा त्यात कोंडते. ४० मिलिमीटर फळीत पाच इंची ड्रायव्हर बसवायचा असेल तर मागच्या बाजूने भोकाची कड ४५ अंशांत तासावी, फक्त स्क्रूंच्या जागी पूर्ण जाडी राखावी. दगडात हे तासणे महाग आणि कठीण पडते, तेव्हा मागचे लाकडी कडेच तासावे आणि दगडातले भोक मोठे ठेवावे.

सहावी पायरी: उभे करून तपासणे

ड्रायव्हर बसवून फळी तिच्या पायांवर उभी केली की मोबाइलमधील एखाद्या सिग्नल जनरेटरने ४० हर्ट्झपासून १००० हर्ट्झपर्यंत एकच सूर हळूहळू चढवत न्यावा आणि दुसऱ्या हाताची बोटे फळीवर अलगद टेकवून फिरवावीत. जिथे बोटांना मुंग्या येतात ती वारंवारता लिहून ठेवावी. अशा एक-दोन जागा सापडणारच. त्या ठरावीक वारंवारतेला फारच ठळकपणे जाणवत असतील, तर मागच्या बाजूला एक काठी तिरकी, मध्यापासून थोडी हटवून, चिकटवावी. काठी बरोबर मध्ये लावली तर फळीचे दोन सारखे भाग होतात आणि दोघे मिळून एकाच सुरात वाजतात.

खडखड मात्र बहुतेक वेळा फळीतून येतच नाही. ती सैल वायर, अर्धवट आवळलेला स्क्रू किंवा ड्रायव्हरखालच्या फाटक्या गॅस्केटमधून (सांधा बंद करणाऱ्या मऊ कडीतून) येते. फळीवर राग काढण्याआधी वायर टेपने बांधून पाहावी.

उभ्या फळीला मागे आधार हवाच. पाया फळीच्या उंचीच्या निदान एक तृतीयांश खोल असावा आणि फळी चार-पाच अंश मागे कललेली असावी; लहान मुले किंवा मांजर असलेल्या घरात जड फळी भिंतीला साखळीने बांधावी. भिंतीपासून मागे मीटरभर जागा सोडली तर मागची लहर भिंतीवरून परतून लगेच गोंधळ घालत नाही. महिन्याभराने ड्रायव्हरचे सगळे स्क्रू एकदा पुन्हा पाहावेत, कारण गॅस्केट दबते, लाकूड थोडे आक्रसते, आणि वाळूची फळी असेल तर तेव्हाच बूच काढून वाळूची पातळीही पाहून घ्यावी.